शंभराला एक भावाचा जॉकी: रॉबर्ट एव्हरेट

प्रश्न थोडक्यात असा आहे: "ग्रँड नॅशनल या इंग्लंडमधल्या उड्यांच्या घोडेशर्यतीच्या विजेत्यांच्या यादीत १९२९ सालासमोर ग्रेगलॅक हा घोडा आणि रॉबर्ट एव्हरेट हा जॉकी आहे. भाव शंभराला एक, म्हणजे त्याच्यावर एक रुपया लावणाऱ्याला जिंकल्यावर शंभर. या एव्हरेटचं नाव एरवी फारसं कुणी घेत नाही. तो नशिबानं जिंकला का? पुढे त्याचं काय झालं? मी १९ वर्षांचा आहे, पुण्यात उड्यांची घोडेस्वारी शिकतो. जंप जॉकी व्हायचं मनात आहे, पण कारकीर्द एवढीशीच असते का?"

मी बरीच वर्षं उडीचे घोडे आणि ते चालवणारी मुलं तयार करतोय, त्यामुळे हा प्रश्न वाचून बरं वाटलं. एव्हरेटबद्दल विचारणारं कुणी सहसा भेटत नाही.

आधी सरळ उत्तर. एव्हरेटला नशिबाची साथ मिळाली, हे खरं. ग्रँड नॅशनल जिंकणाऱ्या प्रत्येकालाच ती लागते. पण त्या दिवशी त्यानं घोडा जसा राखला आणि जसा पुढे काढला, त्याला पक्की मांड आणि थंड डोकं लागतं. ही दोन्ही त्याच्यापाशी होती याबद्दल माझ्या मनात शंका नाही, आणि त्याचं निम्मं कारण रेसकोर्सवर नाही, अटलांटिक महासागरावर आहे. तिथवर येतोच.

आपल्याकडे रेस म्हटलं की महालक्ष्मी नाहीतर पुण्याचं रेसकोर्स. तिथे सगळ्या सपाट शर्यती. हजार-बाराशे मीटरपासून फार तर अडीच-तीन हजार मीटर, कोवळ्या वयाचे घोडे, पन्नास-पंचावन्न किलोचे जॉकी, आणि दोन-तीन मिनिटांत सगळा निकाल. जंपची शर्यत हा निराळाच प्रकार. अंतर तीन किलोमीटरच्या पुढेच सुरू होतं. घोडा सात, आठ, दहा वर्षांचाही असतो. बहुतेक घोडे खच्ची केलेले, म्हणजे जिंकून स्टड फार्मवर पैसा कमवायचा प्रश्नच नाही. पाठीवरचं वजन ६३ किलोंपासून ७५-७६ किलोंपर्यंत, त्यामुळे उंच, रुंद हाडाची माणसंही इथे जॉकी होऊ शकतात. आणि वाटेत चार-साडेचार फुटांची, कधी त्याहून उंच कुंपणं. रिंगणात पाडता येणाऱ्या दांड्यांवरून आपण घोडा नेतो, तशी ही नसतात. दाट झुडपांनी भरलेली असतात. घोडा वरच्या फांद्यांतून घासत जाऊ शकतो, पण पोटात आदळला तर कुंपण जागचं हलत नाही, घोडा उलटतो.

या सगळ्यात लिव्हरपूलजवळच्या एनट्री इथली ग्रँड नॅशनल ब्रिटनमधली सर्वांत लांब आणि सर्वांत अवघड. एव्हरेटच्या काळात अंतर ४ मैल ८५६ यार्ड धरलं जायचं, म्हणजे जवळपास सव्वासात किलोमीटर. दोन फेऱ्या, मिळून ३० उड्या. शेवटच्या कुंपणानंतर विजयाच्या खांबापर्यंत साडेचारशे मीटरची सरळ धाव, आणि तोवर घोड्यात जीव उरलेला नसतो. बीचर्स ब्रुक या कुंपणाला उतरायची जमीन उडी घेतलेल्या जमिनीपेक्षा खाली. दोन कुंपणांनंतर कॅनाल टर्न, तिथे हवेत असतानाच घोड्याला डावीकडे काटकोनात वळायची तयारी करावी लागते.

एक गोष्ट मला उडी शिकवणारा म्हणून इथे मुद्दाम सांगायची आहे, कारण निव्वळ शर्यत बघणाऱ्याच्या ती लक्षात येत नाही. त्या काळी एनट्रीची कुंपणं अगदी सरळ उभी होती. उडी घेण्याच्या बाजूला उताराचा भाग १९६१ साली घातला गेला. तुम्ही उडी शिकताय म्हणजे ग्राउंड लाइन म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक असेल. कुंपणाच्या पायथ्याशी, थोडी पुढे काढून जी दांडी आपण टाकतो, ती बघून घोडा कुठून उडायचं हे ठरवतो. ती काढून टाका, नवखा घोडा दहापैकी निम्म्या वेळा कुंपणाच्या फार जवळ जाऊन उडतो आणि पुढचे गुडघे आपटतो. आमच्या मैदानावर हा धडा चाळीस-पन्नास सेंटिमीटरवर देतो, तेव्हा फार तर दांडी पडते. एनट्रीला घोडा ताशी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर वेगानं येत होता, कुंपण पाच फुटांच्या आसपास आणि पायथ्याशी डोळ्यांना धरायला काही नाही. अशा ३० उड्या न चुकता काढणाऱ्या घोड्याला आणि स्वाराला मी नशीबवान म्हणून बाजूला सारू शकत नाही.

१९२९ समजायचं तर आधी १९२८ सांगायला हवं. त्या वर्षी ४२ घोडे धावले. ईस्टर हीरो नावाचा देखणा, बेफाम वेगाचा घोडा पुढे होता. कॅनाल टर्नला त्याचा अंदाज चुकला, तो कुंपणावर आदळून तिथल्या चरात अडकला. मागून येणाऱ्यांना जागाच उरली नाही. घोडे अडले, वळले, एकमेकांवर चढले, निम्मीअधिक शर्यत तिथेच संपली. त्यातून वाट काढून टिपेररी टिम हा शंभराला एक भावाचा घोडा जिंकला. त्याच्यावर बिल डटन नावाचा हौशी स्वार होता, पेशानं वकील. दुसरा आलेला बिली बार्टन शेवटच्या कुंपणावर पडला होता, जॉकी पुन्हा चढून त्याला घेऊन आला. पूर्ण अंतर कापणारे घोडे फक्त हे दोन.

याचे दोन परिणाम झाले. कॅनाल टर्नचा तो चर बुजवला गेला, हे शहाणपणाचं झालं. दुसरं म्हणजे ज्याच्या तबेल्यात उडी मारणारा एखादा घोडा होता, त्या प्रत्येक मालकाला वाटायला लागलं की टिपेररी टिम जिंकतो तर आपला का नाही. परिणामी २२ मार्च १९२९ रोजी सुरुवातीच्या रेषेवर ६६ घोडे उभे होते. इतके घोडे ग्रँड नॅशनलमध्ये त्याआधी कधी नव्हते आणि नंतरही कधी नाहीत. १९८४ पासून ४० ची मर्यादा आली, २०२४ पासून ती ३४ वर आणली. महालक्ष्मीला मोठ्या दिवशी पंधरा-वीस घोडे गेटमधून सुटतात तेव्हा जमीन थरथरते, हे तुम्ही अनुभवलं असेल. इथे ६६, आणि थोड्याच अंतरावर पहिलं कुंपण.

आता त्या शंभराला एक भावाबद्दल. लोक हा आकडा वाचून ग्रेगलॅक म्हणजे टाकाऊ घोडा होता असं धरून चालतात. साधा हिशेब करा. ६६ घोडे अगदी सारख्या ताकदीचे असते तरी प्रत्येकाचा रास्त भाव पासष्टाला एक निघाला असता. म्हणजे शंभराला एक हा भाव त्या गर्दीत 'सरासरीपेक्षा थोडा कमी' एवढंच सांगतो. आणि ग्रेगलॅकची पाटी कोरी नव्हती. सात वर्षांचा, वाढीला लागलेला घोडा. न्यूमार्केटच्या टॉम लीडरनं तयार केलेला. याच लीडरच्या तबेल्यानं १९२७ ची ग्रँड नॅशनल स्प्रिग या घोड्यावर जिंकली होती, तेव्हा वर त्याचा मुलगा टेड होता. ग्रेगलॅकचा बाप माय प्रिन्स. ईस्टर हीरोचा बापही तोच, आणि उडीच्या घोड्यांचा बाप म्हणून त्या काळात या नावाला फार किंमत होती. पुढे रेनल्डस्टाउन आणि रॉयल मेल हे नॅशनल जिंकणारे घोडेही त्याचेच. लीडरचे त्या दिवशी आणखीही घोडे धावत होते आणि तबेल्यावर भरवसा असणाऱ्यांचा पैसा त्यांच्यावर लागला. ग्रेगलॅक राहिला मागे, आणि त्याच्यावर बसवला गेला नौदल सोडून आलेला, अलीकडेच हौशीतून व्यावसायिक झालेला एव्हरेट.

समोर मुख्य प्रतिस्पर्धी पुन्हा ईस्टर हीरोच. आदल्या वर्षीचा गोंधळ ज्याच्या नावावर जमा होता, तोच घोडा त्याच महिन्यात चेल्टनमची गोल्ड कप ही उड्यांची मोठी शर्यत २० लेंथनी (एक लेंथ म्हणजे एका घोड्याची लांबी) जिंकून आला होता आणि एनट्रीला फेव्हरिट होता. हँडिकॅपरनं, म्हणजे कुठल्या घोड्यानं किती वजन न्यायचं हे ठरवणाऱ्यानं, त्याच्यावर १२ स्टोन ७ पौंड, म्हणजे ७९ किलोंहून जास्त वजन ठेवलं. ग्रेगलॅकवर ११ स्टोन ४ पौंड. फरक पावणेआठ किलोंचा.

ईस्टर हीरो पुढे गेला, त्याचा जॉकी जॅक मोलोनीनं त्याला धावू दिलं. आघाडीवर जाण्यात शहाणपण होतं. पुढे कुणी नसलं की घोड्याला कुंपण स्वच्छ दिसतं आणि पडणारा घोडा आपल्या वाटेत येत नाही. बाकीच्या ६५ जणांना ही सोय नव्हती. मागच्या जॉकीपुढे एकच प्रश्न असतो: माझ्या घोड्याला कुंपण कधी दिसणार? थेट पुढे दुसरा घोडा असेल तर आपल्या घोड्याला त्याचं पुठ्ठं दिसतं आणि कुंपण एकदम समोर उगवतं. मग जॉकी अर्ध्या घोड्याएवढा बाजूला सरकतो, एका डोळ्याला तरी कुंपण दिसेल असा. पण बाजूलाही कुणीतरी असतंच. बरं, पुढचा पडला तर उतरताना आपण त्याच्यावर. म्हणून त्याच्या रेषेत जायचं नाही, आणि सतत हाताखालच्या घोड्यापेक्षा दोन घोडे पुढचं बघत राहायचं. मोकळे सुटलेले, स्वार पडलेले घोडे तर सगळ्यात वाईट, ते कुंपणासमोर येऊन आडवे वळतात. १९६७ साली अशाच एका मोकळ्या घोड्यानं बीचर्सनंतरच्या अगदी साध्या कुंपणावर सगळी शर्यत अडवली आणि फॉइनेव्हन हा घोडा जिंकला.

मुलांना मी नेहमी सांगतो, हात शांत ठेवा. गर्दीत घाबरलेला स्वार आधी लगाम ओढतो. लगाम ओढला की घोडा मान वर करतो, पाठ ताठ करतो, आणि त्याला कुंपणाचा पायथा दिसेनासा होतो. त्याउलट हात सैल, पाय घोड्याभोवती, वजन रिकिबीत, आणि घोड्याला शेवटच्या तीन टापा त्याच्या त्याला मोजू देणं, हे ज्याला गर्दीतही जमतं तो टिकतो. एव्हरेटनं पहिली फेरी अशीच काढली असणार, कारण दुसऱ्या फेरीत ग्रेगलॅकमध्ये भरपूर दम शिल्लक होता. घोड्याशी भांडत आलेल्या स्वाराच्या घोड्यात तो कधीच शिल्लक नसतो.

दुसऱ्या फेरीत पुढे असतानाच ईस्टर हीरोचा एक नाल वाकला. याला नशीब म्हणायचं तर म्हणा, पण वाकलेला नाल म्हणजे काय ते नीट समजून घ्या. शर्यतीचा नाल पातळ, हलका असतो. मागच्या टापेचा फटका बसून किंवा उतरताना तो खुरावरून सरकतो, एक बाजू आत वळते, खिळे अर्धे निघतात. पडला तर उलट बरं. घोडा उघड्या खुरावर धावतो. पण अर्धवट लटकलेला, वाकडा नाल प्रत्येक पावलाला शेजारच्या पायाला कापत जातो आणि जमिनीवर खूर सरळ टेकू देत नाही. नालबंद असा पाय हातात घेतो तेव्हा आधी सांडशीनं एकेक खिळा सैल करतो, कारण ओढून काढला तर खुराची भिंतच फाटते. ईस्टर हीरोनं ७९ किलो पाठीवर घेऊन, असा पाय टेकत, उरलेली कुंपणं ओलांडली आणि तरी तो दुसरा आला. मला विचाराल तर त्या दिवसाची सर्वांत मोठी धाव त्याचीच. ग्रेगलॅक त्याला गाठून पुढे निघाला आणि सहा लेंथनी जिंकला. सुटलेल्या ६६ पैकी शेवटपर्यंत पोचलेले घोडे दहाच्या आसपास.

नाल वाकला नसता तर? ईस्टर हीरो जिंकण्याची शक्यता होती, हे मी मान्य करतो. पण ते पावणेआठ किलोही विसरू नका. सपाट मैलभराच्या शर्यतीत वजनाचा एवढा फरक घोडे कितीतरी लेंथ दूर फेकतो. इथे तर सव्वासात किलोमीटर आणि ३० उड्या होत्या. आणि जिंकणारा घोडा तेवढ्या अंतरावर, तेवढ्या ताकदीनिशी तिथे हजर असावा लागतो. नाल ईस्टर हीरोचा वाकला, पण फायदा उचलायला मैदानात उरलेल्यांपैकी एकटा ग्रेगलॅकच जागेवर होता.

तुम्ही विचारलंत, मग पुढे नाव का नाही. कारण जिंकलेला घोडा जॉकीच्या मालकीचा नसतो. जॉकीला स्वारी मिळते ती ट्रेनरच्या आणि मालकाच्या मर्जीनं. ग्रेगलॅक १९३१ ला पुन्हा मैदानात उतरला आणि ग्रॅकल या घोड्याच्या मागे दीड लेंथनी दुसरा आला, तेव्हा त्याच्या पाठीवर एव्हरेट नव्हता, जॅक मोलोनी होता. तोच मोलोनी, ज्याला १९२९ ला ग्रेगलॅकनं हरवलं. बिचारा १९३४ ला डेलनीज या घोड्यावर बसला तेव्हा गोल्डन मिलर हा घोडा त्याच्यापुढे निघाला आणि मोलोनी तिसऱ्यांदा दुसरा. उत्तम जॉकी, पण त्याचं नाव विजेत्यांच्या यादीत शोधून सापडणार नाही. मला वाटतं, त्या यादीवरून जॉकी मोजूच नयेत. एव्हरेटचं नाव तिथे आहे आणि मोलोनीचं नाही, यावरून दोघांपैकी कोण सरस हे ठरत नाही.

आणि जंप जॉकीचं उत्पन्न स्वारीमागे. बसलात तर फी, जिंकलात तर बक्षिसातला वाटा. खांदा निखळला, बरगडी मोडली की शून्य. त्या काळी मदत फारशी नसायची. जखमी जॉकींसाठीचा निधी ब्रिटनमध्ये १९६४ साली सुरू झाला, तोही टिम ब्रुकशॉ आणि पॅडी फॅरेल हे दोघे जॉकी काही महिन्यांच्या अंतरानं एनट्रीवरच पडून कायमचे जायबंदी झाले तेव्हा. डोक्याचं संरक्षणही नवं होतं. १९२३ ची नॅशनल सार्जंट मर्फी या घोड्यावर जिंकणारा कॅप्टन टपी बेनेट त्याच वर्षाच्या शेवटी वुल्व्हरहॅम्प्टनला पडला, डोक्याला घोड्याची लाथ बसली, आणि काही दिवसांनी गेला. नॅशनल जिंकून वर्षही उलटलं नव्हतं. त्यानंतर जॉकींना डोक्यावर टणक टोपी सक्तीची झाली.

ब्रूस हॉब्जचं उदाहरण मला नेहमी आठवतं. १९३८ साली अवघ्या १७ व्या वर्षी त्यानं बॅटलशिप या बुटक्या घोड्यावर नॅशनल जिंकली, अगदी डोक्याच्या फरकानं. त्याच्याइतक्या लहान वयात ती आजवर कुणी जिंकलेली नाही. आणि त्याच वर्षी चेल्टनमला पडून त्याचा पाठीचा कणा मोडला. पुढे युद्ध आलं, त्यात त्याला मिलिटरी क्रॉस मिळाला, आणि नंतर तो न्यूमार्केटचा नावाजलेला ट्रेनर झाला. बिल डटनही वकिली सोडून ट्रेनर झाला आणि १९५६ ला त्यानं तयार केलेल्या लिंबर हिल या घोड्यानं गोल्ड कप जिंकली. म्हणजे जॉकी म्हणून कारकीर्द तोकडी असली तरी घोड्यांचं ज्ञान वाया जात नाही.

एव्हरेटची वाट मात्र तबेल्याकडे गेली नाही. तो विमान चालवायला शिकला, आणि दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर पुन्हा नौदलात, या वेळी वैमानिक म्हणून दाखल झाला. तोवर फायटर विमानाच्या वैमानिकाच्या मानानं त्याचं वय बरंच पुढे गेलं होतं.

१९४१ मध्ये अटलांटिकवरच्या ब्रिटिश व्यापारी ताफ्यांवर जर्मन कॉन्डोर विमानं घिरट्या घालायची. चार इंजिनांची, लांब पल्ल्याची. ती स्वतः बॉम्ब टाकायची आणि पाणबुड्यांना ताफ्याचा ठावठिकाणाही कळवायची. किनाऱ्यापासून इतक्या दूर त्यांना हुसकावायला ब्रिटिशांकडे विमानवाहू जहाजं पुरेशी नव्हती. मग त्यांनी काही जहाजांवर लोखंडी रुळासारखी झेपयंत्रं बसवली आणि त्यावर एकेक हरिकेन विमान चढवलं. अग्निबाणांच्या जोरावर विमान हवेत फेकलं जायचं. परत उतरायला जागा नाही. किनारा आटोक्यात नसेल तर वैमानिकानं काम झाल्यावर पॅराशूटनं उडी घ्यायची किंवा विमान समुद्रातच उतरवायचं, आणि जवळच्या जहाजानं आपल्याला शोधावं अशी आशा करायची. एव्हरेटनं हे काम पत्करलं. तो ८०४ नंबरच्या नौदल स्क्वाड्रनमध्ये होता, जहाज एचएमएस मॅपलिन, मुळात केळ्यांची वाहतूक करणारं.

३ ऑगस्ट १९४१ रोजी मॅपलिन सिएरा लिओनकडून येणाऱ्या ताफ्याला गाठायला निघालं असताना कॉन्डोर दिसलं. एव्हरेटला सोडण्यात आलं. त्यानं पाठलाग करून ते गाठलं. कॉन्डोरवरच्या बंदुका त्याच्यावर चालत होत्या, तरी तो जवळ भिडला आणि त्यानं आपल्या गोळ्या संपेपर्यंत मारा केला. मध्येच त्याच्या समोरची काच पूर्ण तेलानं माखली. त्याला वाटलं, आपलंच इंजिन गेलं. पण इंजिन चालू होतं. ते तेल कॉन्डोरचं होतं. कॉन्डोर पेटून समुद्रात पडलं.

मग स्वतःच्या सुटकेचा प्रश्न. त्यानं बाहेर उडी घ्यायचा प्रयत्न केला, पण विमानाचं नाक खाली जायला लागलं आणि त्याला बाहेर पडता येईना. तेव्हा त्यानं विचार बदलला आणि वाँडरर या विनाशिकेजवळ विमान पाण्यावर उतरवलं. हरिकेनच्या पोटाखाली इंजिन थंड ठेवणारा मोठा रेडिएटर असतो. पाण्यावर तो आधी टेकतो आणि विमान नाकावर जाऊन झपाट्यानं बुडतं. एव्हरेट विमानाबरोबर पाण्याखाली गेला, धडपडून बाहेर निघाला, आणि वाँडररच्या बोटीनं त्याला उचललं. जहाजावरून झेपयंत्रानं सोडलेल्या हरिकेननं शत्रूचं विमान पाडण्याची ही पहिलीच वेळ. त्याबद्दल त्याला डीएसओ (डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर) हा लष्करी सन्मान मिळाला.

हा प्रसंग मी एवढा सविस्तर का सांगतोय? समोरची काच काळी झाली, पहिली योजना फसली, दुसरी क्षणात आखली आणि ती पार पाडली. कॅनाल टर्नला पुढचा घोडा पडतो तेव्हा जॉकीला नेमकं हेच करायचं असतं. ज्यानं समुद्रावर एकट्यानं हे केलं, त्यानं ६६ घोड्यांच्या गर्दीत ते केलं नसेल, नुसता वाहत आला असेल, हे मला पटत नाही. म्हणून वर म्हटलं की निम्मं कारण अटलांटिकवर आहे.

त्यानंतर त्याला सहा महिनेही मिळाले नाहीत. जानेवारी १९४२ मध्ये वेल्सच्या अँगलसी बेटाजवळ त्याचं विमान समुद्रात कोसळलं आणि तो गेला.

आता तुमचं. भारतात राहून जंप जॉकी होता येणार नाही, आपल्या क्लबांच्या कार्यक्रमात या शर्यती नाहीत. वाट ब्रिटन किंवा आयर्लंडच्या तबेल्यातून जाते. तिथे भारतातली बरीच मुलं वर्क रायडर म्हणून काम करतात; सकाळी घोडे पळवायचे, बाकी वेळ तबेल्याचं काम. न्यूमार्केटला आणि आयर्लंडमध्ये किल्डेअरला जॉकी तयार करणाऱ्या शाळा आहेत. तबेल्यात ट्रेनरच्या नजरेत भरलात तर कंडिशनल, म्हणजे शिकाऊ जंप जॉकीचा परवाना मिळू शकतो. ब्रिटनमध्ये नवख्याच्या घोड्याला वजनात सात पौंडांची सूट मिळते आणि विजय वाढतील तशी ती पाच, मग तीन पौंडांवर येते. ही सूट असते तोवर ट्रेनर बोलावतात. सूट संपल्यावर किती जण बोलावतात, तिथे खरी परीक्षा, आणि बहुतेकांची कारकीर्द तिथेच आटोपते. हाडं मोडणं धरूनच चाला. डोक्याला मार लागल्यावर डॉक्टरनं थांबा म्हटलं तर थांबायचं, घाईनं परत बसायचं नाही.

तुमची उंची पाच फूट आठ-नऊ इंचांच्या आत आणि हाडापेरानं वजन साठ-बासष्टवर राहत असेल तर विचार करा. त्याआधी एक वर्ष इथेच काढा. रिंगणातल्या उड्या सोडून क्रॉस कंट्रीच्या पक्क्या, न पडणाऱ्या अडथळ्यांवर जा, रिकिबी आखूड करून लांब पल्ल्याची दौड बसायला शिका, आणि रोज पहाटे एखाद्या रेसच्या तबेल्यात जाऊन थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीच्या घोड्यांवर काम मागा. उड्यांच्या शाळेतला समजूतदार घोडा आणि कामाला निघालेला थरोब्रेड यांच्या तोंडातला फरक पहिल्या आठवड्यात हातांना कळेल. वर्षभरानंतरही पहाटे चारला उठावंसं वाटलं, तर तिथल्या तबेल्यांना कसं लिहायचं ते मी सांगेन.